फोडा, पण आधी वाळवा!

तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात एकदा तरी दाराच्या फटीत अक्रोड फोडलाय? हात वर करा. गुड! आता त्याच फटीत मॅकाडेमिया घालून बघा. अक्रोड असेल तर अक्रोड फुटतो. मॅकाडेमिया असेल तर बिजागरी निखळते. हे मी भाड्याच्या घरात, डिपॉझिट पणाला लावून, स्वतः करून बघितलेलं आहे.

तर मंडळी, या आठवड्याचा मेन्यू आहे ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे, अस्सल गावठी नट्स. ते आणायचे कुठून, ठेवायचे कसे आणि खायचे कसे, याचे सगळे फंडे. आणि मध्येच एक गोष्ट, जी सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते.

मॅकाडेमिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कुणीतरी अमेरिकेहून आणलेला चॉकलेटचा डबा आणि त्यावर हवाईचा समुद्रकिनारा. ब्रिस्बेनला नोकरीसाठी येईपर्यंत मीही हे झाड हवाईचंच समजत होते. बॉस, साफ चूक! मॅकाडेमिया हा मूळचा आग्नेय क्वीन्सलँड आणि ईशान्य न्यू साउथ वेल्सच्या पावसाळी जंगलांतला गडी. इथल्या मूळ निवाशांनी तो हजारो वर्षं खाल्ला, त्याला ‘किंडल किंडल’, ‘बूम्बेरा’, ‘जिंडिली’ अशी एकाहून एक गोड नावं दिली. मग १८५७ मध्ये फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञानं आपल्या जॉन मॅकॅडम नावाच्या सहकाऱ्याच्या नावावरून झाडाचं बारसं केलं आणि जुनी नावं मागे पडली. हवाईत रोपं पोचली ती १८८० च्या दशकात. तिथल्या लोकांनी धंदा मोठा केला, मार्केटिंग केलं आणि माल आपल्या नावावर लावून घेतला. २०१९ मध्ये संशोधकांनी हवाईतल्या झाडांची जनुकं तपासली, तेव्हा त्यांचं मूळ सापडलं ब्रिस्बेनच्या उत्तरेला असलेल्या गिम्पी गावाजवळच्या मोजक्या झाडांत. जगभरातल्या बागांमधली बरीचशी कलमं या हवाई वाणांवरूनच आलेली. म्हणजे अख्ख्या जगाची बाग चार-दोन झाडांच्या खानदानातली!

लागवडीचं पहिलं झाड अजून उभं आहे, तेही ब्रिस्बेनच्या मधोमध, सिटी बोटॅनिक गार्डनमध्ये. बागेचे प्रमुख वॉल्टर हिल यांनी ते १८५८ मध्ये लावलं. असं सांगतात, की हिलसाहेबांनी एका पोऱ्याला बिया फोडायला बसवलं, रुजत घालायला म्हणून. बघतात तर पोऱ्या बिया खातोय! हे फळ विषारी असावं अशी साहेबांची समजूत. पोरगा दुसऱ्या दिवशी टुणटुणीत आला, तेव्हा साहेबांनी स्वतः एक तोंडात टाकली. लंच अवरमध्ये मी त्या झाडाखाली डबा खाऊन आलेय. झाड दिसायला अगदी साधं आहे. शेजारून जाणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

माझा खरा संबंध आला तो शेजारच्या अंगणातल्या झाडाशी. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्याच राहणाऱ्या. इथे ऐंशीच्या बाईलाही नावानं हाक मारायची पद्धत आहे, पण माझ्या तोंडून ते नाव काही निघेना. शेवटी मी त्यांना सरळ ‘आजी’ हा शब्द शिकवला. त्यांना तो इतका आवडला, की फोनवर स्वतःची ओळखही त्या ‘आजी हिअर’ अशीच करून द्यायला लागल्या. त्यांचा कुत्रा अकरा वर्षांचा, गुबगुबीत आणि आळशी. त्याला मी मोती म्हणते. दोन्ही नावांना तो सारखाच प्रतिसाद देतो, म्हणजे अजिबात देत नाही.

मार्चपासून झाडाखाली हिरव्या गोट्यांचा सडा पडायला लागला. मॅकाडेमिया तोडायचा नसतो, पिकला की तो आपणहून पडतो. आजींनी एक बादली भरून दिली. मी लगेच घरी फोन लावला.

“आई, अगं नट्स आहेत. ताजे, झाडाखालचे! पण फुटत नाहीयेत.”

“अडकित्त्यानं फोड.”

“आई, अडकित्ता सुपारीसाठी असतो.”

“मग सुपारी काय मऊ असते?”

आईच्या लॉजिकला तोड नाही, पण मॅकाडेमियाचं कवच बहुधा जगातल्या सगळ्या खाण्याच्या नट्समध्ये टणक. अडकित्त्यावरून तो बुलेटसारखा सुटतो आणि थेट टीव्हीवर जातो. आजींची पद्धत सोपी होती. सिमेंटच्या पायरीला एक खळगा पडलेला. त्यात नट ठेवायचा, वर हातोडीचा एक नेमका घाव. गॅरेजमध्ये लोखंडी शिकंजा असेल तर आणखी उत्तम, हळूहळू आवळत न्यायचा. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच, कारण कवचाचे तुकडे उडतात. आणि ज्यांना हे सगळं झेपत नाही त्यांच्यासाठी सुपरमार्केटमध्ये कवचाला आधीच करवतीनं खाच पाडलेले मॅकाडेमिया मिळतात, सोबत एक छोटी किल्ली. खाचेत घालायची, फिरवायची, टक्! ऑफिसातल्या टाइमपाससाठी एकदम बेस्ट.

फंडा नंबर एक : घाई करायची नाही

पहिल्याच दिवशी मी पन्नासेक नट्स फोडले आणि ओव्हनमध्ये भाजायला टाकले. बाहेरून सोनेरी, मस्त! चावून बघितलं तर आतून तपकिरी, चिवट आणि कडवट. पूर्ण बॅच कचऱ्यात. कारण सिंपल आहे. झाडाखालचा ताजा मॅकाडेमिया आतून ओला असतो. ओल्या गराला जोराची आच दिली की तो मधूनच करपतो. कारखान्यात हा गर वाळवून वाळवून त्यातलं पाणी दीड टक्क्यापर्यंत खाली आणतात आणि मगच पुढचं काम. आपल्याकडे ओले काजू आणि सुके काजू या दोन वेगळ्याच गोष्टी असतात ना, तसंच हे.

म्हणून क्रम असा. वेचल्यावर एका दिवसाच्या आत हिरवी साल काढायची. सालीसकट ढीग करून ठेवलात तर तो आतून तापतो आणि बुरशी धरते. मग कवचासकट नट्स जाळीच्या पिशवीत, सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे टांगायचे. पुरेसे वाळले की नट कानाशी धरून हलवायचा. गर कवचापासून सुटून आत खुळखुळतो. त्यानंतर डिहायड्रेटर असेल तर साधारण दोन दिवस चाळीस अंशांवर, दोन दिवस पन्नासवर. आता फोडा. गर कुरकुरीत निघाला तर जिंकलात. भाजायचं असेल तर एकशेवीस-एकशेतीस अंशांवर दहा-पंधरा मिनिटं, आणि ओव्हनसमोरून हलायचं नाही. रंग बदलायला लागला की शेवटचा एक मिनिट फार पटकन जातो.

फंडा नंबर दोन : ठेवायचं कसं

मॅकाडेमियात शंभर ग्रॅमला जवळजवळ पंचाहत्तर ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणून तर तो तोंडात लोण्यासारखा विरघळतो. (कॅलरी? शंभर ग्रॅमला साधारण सातशेवीस. जिमवाल्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजूया.) पण तेल जास्त म्हणजे खवट व्हायची भीतीही जास्त. उजेड, ऊब आणि हवा हे तिघे त्याचे दुश्मन. सुका, कवचातला नट महिनोन्‌महिने टिकतो. फोडलेला गर मात्र घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर सरळ फ्रीझरमध्ये. शंका आली तर वास घ्या. जुन्या खोबऱ्याचा वास आपल्या मराठी नाकाला बरोब्बर कळतो. त्यासाठी कुठलं ॲप लागत नाही.

आता ती गोष्ट.

एका शुक्रवारी मी वर्क फ्रॉम होम होते. डिहायड्रेटर विकत घ्यायचा कंटाळा, म्हणून फोडलेला गर ताटात पसरून मागच्या पायरीवर उन्हात ठेवला. आपल्याकडे पापड-कुरडया ठेवतो तसा. दुपारभर कॉन्फरन्स कॉल. संध्याकाळी आजी कुंपणापाशी उभ्या. आवाज कापत होता. मोती उठत नव्हता. पुढचे पाय टेकत होता, पण मागचे पाय कापडाचे असल्यासारखे लुळे. दोनदा उलटी झालेली. अंग गरम. आजी म्हणाल्या, “अकरा वर्षांचा आहे गं. त्याची वेळ आली असेल. उगाच त्याचे हाल नकोत.”

मी त्याच्याशेजारी बसले आणि माझी नजर मागच्या पायरीवर गेली. ताट निम्मं रिकामं होतं.

आता खरं सांगते. दोन मिनिटं मी काहीच बोलले नाही. फोनवर पटकन शोधलं, तर समोर स्पष्ट लिहिलेलं. मॅकाडेमिया कुत्र्यांना बाधतो. मागचे पाय जातात, थरथर, उलट्या, ताप. तरीही तोंड उघडेना. वाटलं, नसेल त्यामुळे. वाटलं, झाड तर त्यांचंच आहे, त्यानं खाली पडलेला एखादा उचलला असेल. पण कवचातला नट मोतीच्या दातांनी फुटणं शक्य नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. मीच सोलून, वाळवून, ताटात वाढून ठेवला होता. आणि मी गप्प बसले असते तर त्या संध्याकाळी आजी डॉक्टरांना ‘म्हातारपण आहे’ म्हणून सांगणार होत्या, आणि पुढे काय करायचं ते त्यांनी मनात ठरवलं होतं.

गाडीत सांगितलं. मोती माझ्या मांडीवर, आजी स्टिअरिंगवर. त्या काहीच बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काय खाल्लंय?” आणि आजींनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाचा आकार, किती गर होता, किती वाजता ठेवला, सगळं सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा एकदम सैल झाला. म्हणाले, हे नेहमीचंच आहे, बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उभी राहतात. रात्रभर ठेवून घेतलं. रविवारी सकाळी मोती आपल्या पायांनी चालत आला, आणि आल्या आल्या माझ्या पायरीकडे निघाला! निर्लज्ज.

आठवडाभर आजी आल्या नाहीत. कुंपणापलीकडून ‘मॉर्निंग’ तेवढं व्हायचं. पुढच्या शनिवारी दारावर टकटक. हातात कांद्याची जाळीची पिशवी आणि एक मोठा हुक. स्टुलावर चढून (मी नको नको म्हणत असताना!) त्यांनी तो गॅरेजच्या तुळईत ठोकला आणि म्हणाल्या, “इतक्या उंचीवर. याच्या खाली नाही.” बस्स. त्यानंतर आमच्यात हा विषय निघालेला नाही. तुमच्या घरी कुत्रा असेल तर एवढं एक वाक्य कापून फ्रिजवर लावा : मॅकाडेमिया कुत्र्याला अजिबात नाही, एकसुद्धा नाही. आणि माणसांमध्येही नट्सची ॲलर्जी असते. ऑफिसात डबा फिरवण्याआधी विचारून घ्या.

फंडा नंबर तीन : फणसाच्या गावाचा पाहुणा

जानेवारीत आजींनी मला बुन्या दाखवला. बुन्या पाइन हे चाळीस मीटरपर्यंत जाणारं झाड, ज्याचा कुळवृत्तांत डायनोसॉरच्या काळापर्यंत जातो. त्याचा शंकू साधारण फणसाएवढा, वजन दहा किलोपर्यंत. आणि तो खाली पडतो! डिसेंबर ते मार्च या काळात इथल्या बागांमध्ये बुन्याखाली पाट्या लागतात किंवा दोऱ्या बांधतात. तिथे गाडी लावायची नाही, डबा खायला बसायचं नाही, सेल्फी तर नाहीच नाही.

शंकू उकलला की पन्नास ते शंभर बिया निघतात, प्रत्येकीला चिवट लाकडी कवच. बी उकडायची, कवच चिरून काढायचं आणि तोंडात टाकायची. मी टाकली आणि जवळजवळ ओरडलेच. अहो, ही तर आठळी! फणसाची आठळी, थोडा शिंगाडा आणि थोडा बटाटा. कोकणातल्या आजोळची अख्खी मे महिन्याची सुट्टी त्या एका घासात होती.

बुन्याची मोठी गोष्ट मात्र चवीच्या पलीकडची आहे. ब्रिस्बेनच्या वायव्येला तीनेक तासांवर बुन्या माउंटन्स आहेत. दर दोन-तीन वर्षांनी तिथे भरघोस पीक यायचं, आणि तेव्हा शेकडो किलोमीटरवरून मूळ निवाशांच्या टोळ्या चालत यायच्या. आपल्याकडच्या जत्रेसारखंच. देवाणघेवाण, लग्नं, भांडणांचा निवाडा, नाचगाणी. झाडांवर कुटुंबांचा हक्क असायचा, तो पिढीजात पुढे जायचा. वर चढण्यासाठी खोडांत पाडलेल्या खाचा काही जुन्या झाडांवर अजून दिसतात. १८४२ मध्ये गव्हर्नर गिप्सनं फर्मान काढलं, की बुन्याच्या मुलखात कुणाला जमीन द्यायची नाही आणि बुन्या तोडायचा नाही. १८६० मध्ये, क्वीन्सलँड वेगळी वसाहत झाल्यावर लगेच, ते रद्द झालं. लाकूडतोडे आले, कुंपणं आली, माणसं हाकलली गेली आणि जत्रा बंद पडली. १९०८ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं, म्हणून उरलेली झाडं वाचली. माझ्या सुट्टीची आठवण जिच्यात सापडली, त्या बीमध्ये दुसऱ्या कुणाची तरी हिरावलेली जत्रा आहे. हे कळल्यापासून मी ती जरा सावकाश खाते.

मिळवायची कुठे? राष्ट्रीय उद्यानातून एकही बी उचलायची नाही, तो गुन्हा आहे. वीकएंडच्या शेतकरी बाजारात किंवा रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मिळते. मूळ निवाशांच्या व्यवसायांकडून मिळाली तर तिथूनच घ्या. बुन्यात मॅकाडेमियाच्या उलट मामला आहे. तेल कमी, पाणी आणि पिठूळपणा जास्त. म्हणून ती खवट होत नाही, बुरशी धरते. कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये काही आठवडे, त्याहून जास्त तर कवचासकट फ्रीझर. भाजणार असाल तर आधी कवचाला चीर द्या, नाहीतर ओव्हनमध्ये दिवाळी!

बुन्याचं सुकं (दोघांसाठी)

पंचवीस बिया मिठाच्या पाण्यात अर्धा तास उकडा. गरम असतानाच कवच काढा, गार झाल्यावर ते पुन्हा अडून बसतं. बी उभी चिरून मधला कोवळा कोंब काढून टाका. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद. एक कांदा परता. बिया, लाल तिखट, मीठ, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, पाण्याचा हबका. झाकून पाच मिनिटं. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. आठळ्या घालता तशा या बिया अळूच्या फदफद्यातही मस्त लागतात.

आणि मॅकाडेमियाचं काय? काजूच्या जागी वाटणात घाला. आग्नेय आशियातल्या रश्श्यांमध्ये लागणारे कँडलनट मिळाले नाहीत, तर इथले कुक मॅकाडेमियाच वापरतात. तो जास्त तेलकट असतो, त्यामुळे काजूच्या पाऊणपटच घ्या.

एक वॉर्निंग. रस्त्याकडेला दिसणारी प्रत्येक बी खायची नसते. ब्रिस्बेनच्या फुटपाथवर ब्लॅक बीन नावाच्या झाडाच्या चेस्टनटसारख्या देखण्या बिया पडतात. त्या विषारी आहेत. मूळ निवासी त्या किसून, दिवसचे दिवस वाहत्या पाण्यात धुऊन मगच खायचे, आणि ते ज्ञान आपल्याकडे नाही. मॅकाडेमियाच्याही चार जाती आहेत. त्यातल्या दोनच खायच्या, बाकीच्या दोन कडू आणि घातक. कडू लागला की थुंका, भीडभाड नको.

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी नाराज व्हायचं कारण नाही. ताजा बुन्या तिथे मिळणं कठीण, पण मॅकाडेमिया मोठ्या सुकामेव्याच्या दुकानांत असतो. भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार डिसेंबर २०२२ मध्ये लागू झाला. त्यात मॅकाडेमियावरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं काढायचं ठरलंय. घेताना पाकिटावरची तारीख बघा, रंग फिकट क्रीम हवा, पिवळट डाग नकोत. पारदर्शक बरणीत दुकानाच्या उजेडात महिनोन्‌महिने बसलेला माल कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

हा कॉलम लिहिताना गॅरेजमध्ये माझी कांद्याची पिशवी टांगलेली आहे, बरोब्बर आजींनी ठरवलेल्या उंचीवर. खाली मोती बसलाय, वर बघत. अजून आशा सोडलेली नाही त्यानं. काल त्यातले वीस नट्स फोडून, भाजून, बरणी भरून आजींकडे नेऊन दिली. त्यांनी एक खाल्ला, मग दुसरा. म्हणाल्या, “आता जमलं तुला.”

पुढच्या आठवड्यात भेटूच. तोपर्यंत दाराच्या बिजागऱ्या सांभाळा!